एवढ्याशा डब्यात एवढा खोल आवाज कसा मावतो? १९५४ च्या एआर-१ स्पीकरमागचं साधं विज्ञान

जुन्या हाय-फाय सामानाच्या किमती हल्ली ऑनलाइन बघितल्या की बरेच जण चक्रावतात. सत्तर वर्षं जुना लाकडी डबा, तोही बऱ्याचदा एकटाच, जोडी नाही, आत अ‍ॅम्प्लिफायर नाही, ब्लूटूथचा तर प्रश्नच नाही, तरी लोक त्याच्यासाठी का भांडतात? आणि जे प्रत्यक्ष ऐकून येतात त्यांचा प्रश्न वेगळाच असतो, की टेबलाखाली सरकवता येईल एवढ्या डब्यातनं ऑर्गनचा तो पोटात जाणवणारा सूर निघतोच कसा.

मी इथे एकच स्पीकर घेतोय, कारण या प्रश्नाचं उत्तर बाजारात पहिल्यांदा त्यानेच दिलं. अकूस्टिक रिसर्च कंपनीचा एआर-१. साल १९५४, गाव अमेरिकेतलं केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स. सगळा मोनोचा जमाना, म्हणजे एक रेकॉर्ड, एक अ‍ॅम्प्लिफायर, एक स्पीकर. स्टिरिओ एलपी दुकानात यायला अजून चार वर्षं होती. डबा केवढा, तर २५ इंच लांब, १४ इंच रुंद आणि साधारण साडेअकरा इंच खोल, आत १२ इंची वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर. आज कुणी याला छोटा म्हणणार नाही, पण तेव्हा चांगला बास पाहिजे तर कपाटाएवढा डबा घरात आणावा लागायचा, त्या मानाने हा अगदीच चिमुकला होता.

## मुळात डबा लागतोच कशाला?

स्पीकरचा कागदी कोन, म्हणजे शंकूसारखा हलणारा पडदा, पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढून आणि मागून एकमेकांच्या बरोबर उलट्या लाटा निघतात. वरच्या सुरांच्या लाटा आखूड असतात, त्या साधारण समोर निघून जातात. खालच्या सुरांचं तसं नाही. ४० हर्ट्झचा सूर, म्हणजे कोन सेकंदाला ४० वेळा पुढेमागे होतोय असा, त्याची एक लाट हवेत साडेआठ मीटर लांब असते. एवढी लांब लाट १२ इंची स्पीकरला सहज वळसा घालते, मागची पुढच्याला येऊन मिळते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. जुन्या रेडिओचा स्पीकर बाहेर काढून उघडाच वाजवून बघा, आवाज पत्र्यासारखा येतो, तो याच कारणाने.

म्हणून मागची लाट कोंडून ठेवायची. काही हौशी लोक तेव्हा स्पीकर सरळ भिंतीतल्या कपाटाच्या दारात बसवायचे, मागे अख्खं कपाट कोंडलेल्या हवेला मोकळं. ते चालायचं, उत्तम चालायचं. पण भाड्याच्या घरात दाराला १२ इंचाचं भोक कोण पाडू देणार.

## मग छोट्या डब्यात कोंडला तर काय बिघडतं?

कोनाला वजन असतं आणि तो कडेने लवचिक पट्टीवर टांगलेला असतो, या टांगणीला सस्पेन्शन म्हणतात. वजन आणि स्प्रिंग एकत्र आले की त्यांची स्वतःची एक डोलण्याची गती ठरते, त्याला रेझोनन्स म्हणतात. बंद डब्यातला स्पीकर या रेझोनन्सच्या खाली फार काही वाजवू शकत नाही, आवाज भराभर घसरत जातो. स्प्रिंग जितकी ताठ तितका रेझोनन्स वर, आणि तो जितका वर तितका बास कमी.

आता डबा लहान केला की त्यात कोंडलेली हवा स्वतःच स्प्रिंगसारखी वागायला लागते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने घट्ट बंद करून दांडा दाबून बघा, दांडा उलट ढकलतो, सोडला की परत येतो. आत धातूची स्प्रिंग कुठेच नाही, फक्त हवा आहे. आणि पंपात हवा जितकी कमी उरलेली, तितका दांडा ताठ लागतो. डब्याचंही तेच, डबा अर्धा केला की हवेची स्प्रिंग दुप्पट ताठ.

म्हणजे आधीच ताठ टांगणी असलेला स्पीकर, त्यात वरून ताठ हवेची भर, रेझोनन्स गेला ८०-१०० हर्ट्झच्या वर आणि बास गायब. ही तेव्हाची अडचण होती आणि सगळ्यांनी एकच उपाय धरला होता, डबा मोठा करा. पॉल क्लिप्शने १९४६ मध्ये आणलेला कोपऱ्यातला भोंगा तर खोलीच्या दोन भिंतींनाच आपल्या भोंग्याचा भाग करून घेतो. सुंदर डोकं आहे ते, आजही बनतो, पण छातीएवढा उंच आणि कोपरा रिकामा पाहिजे.

## हवा अडचण नाही, हवाच स्प्रिंग

एडगर व्हिल्चर हा माणूस इंजिनिअर नव्हता, शिक्षण कलेच्या इतिहासाचं. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने रेडिओ दुरुस्ती शिकवली, युद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये रेडिओचं दुकान टाकलं आणि पुढे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत ध्वनी पुनरुत्पादनाचा वर्ग घ्यायला लागला. त्याचं म्हणणं असं की बास नुसता कमी येतो ही अर्धीच तक्रार आहे, जो येतो तोही खोटा येतो.

खोटा कसा? त्या काळच्या बहुतेक स्पीकरमध्ये कोनाचाच कागद कडेला पन्हाळीदार करून टांगणी केलेली असायची. थोडं हलवलं तर ठीक, पण खालच्या सुरांना कोनाला लांब जावं लागतं आणि तिथे ही कागदी कड ताणून बसते, पुढे जाऊ देत नाही. लाटेचं डोकं चपटं होतं आणि मूळ सुरात नसलेले वरचे सूर आपोआप तयार होतात. आपल्याला वाटतं काय दणदणीत बास आहे, पण ऐकतोय ते ४० हर्ट्झ नाही, त्याची ८० आणि १२० हर्ट्झची पिलावळ.

व्हिल्चरने काय केलं तर टांगणी जवळजवळ काढूनच टाकली. कोन इतका सैल टांगला की मोकळ्या हवेत त्याचा रेझोनन्स वीस हर्ट्झच्याही खाली गेला. असा स्पीकर नुसता वाजवला तर कामाचा नाही, त्याला परत जागेवर आणणारं काही नाही. मग तो हवाबंद लहान डब्यात बसवला आणि परत आणण्याचं काम आतल्या हवेकडे सोपवलं. हवेची स्प्रिंग चढली की रेझोनन्स वर येतो, पण वर येऊन थांबतो कुठे तर चाळीसच्या थोडा वर, म्हणजे बरोबर जिथे पाहिजे तिथे. एकूण ताठपणातला चार-पंचमांशाहून जास्त वाटा हवेचा, टांगणीचा अगदी थोडा. या पद्धतीला अकूस्टिक सस्पेन्शन म्हणतात, पुढे मी नुसतं हवेची टांगणी म्हणेन.

यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की डबा इथे तडजोड म्हणून लहान नाहीये. याच कोनाला मोठ्या डब्यात टाकलं तर हवेची स्प्रिंग ढिली पडेल, कोन ताब्यात राहणार नाही, आवाज उलट बिघडेल. डबा स्पीकरचं यंत्रच आहे, फर्निचर नाही.

आणि हवा कागदापेक्षा प्रामाणिक का? साधा हिशोब करू. १२ इंची कोन सहा मिलिमीटर मागे गेला तर साधारण ०.३ लिटर हवा सरकते. डब्यात आत आहे सुमारे ४८ लिटर. म्हणजे दाबली गेली जेमतेम अर्धा टक्का. एवढ्या किरकोळ बदलात हवा जितकं दाबाल बरोबर तितकंच उलट ढकलते, जास्त नाही, कमी नाही, पुढे-मागे दोन्हीकडे सारखं. कागदाची किंवा कापडाची कुठलीच कड तेव्हा असं वागत नव्हती.

पहिला नमुना व्हिल्चरने घरीच केला, प्लायवुडचा डबा आणि तयार स्पीकरची कड कापून टाकलेली. नवी मऊ कड त्याच्या बायकोने, रोझमेरीने, गादीच्या खोळीच्या कापडातनं शिवली. ती युद्धाच्या काळात ड्राफ्ट्समन म्हणून काम केलेली, त्यामुळे गोल कडेला बरोबर बसेल असा कापडाचा नमुना कसा आखायचा हे तिला येत होतं. हाय-फायच्या इतिहासात तिचं नाव क्वचित येतं, यायला पाहिजे.

व्हिल्चरने ही कल्पना आधी प्रस्थापित कंपन्यांना विकायचा प्रयत्न केला, कुणी घेतली नाही. मग त्याच्या वर्गातलाच एक विद्यार्थी, हेन्री क्लॉस, केंब्रिजमध्ये आधीच स्पीकरचे डबे बनवत होता, दोघांनी मिळून १९५४ मध्ये कंपनी काढली आणि त्याच वर्षी एआर-१ न्यूयॉर्कच्या ऑडिओ प्रदर्शनात ठेवला. किंमत १८५ डॉलरच्या आसपास. १९५६ मध्ये पेटंटही मिळालं.

## आत तो लोकरीसारखा भराव कशाला?

जुना एआर उघडला की आत काचेच्या किंवा दगडी लोकरीचे पुंजके गच्च भरलेले दिसतात. बऱ्याच जणांना वाटतं की हे नुसतं आवाज घुमू नये म्हणून. ते आहेच, पण अजून एक काम आहे. हवा झटकन दाबली की तापते, आणि तापली की अजून ताठ होते. हे बारीक तंतू ती उष्णता तिथल्या तिथे शोषून घेतात, हवा थंड राहते, स्प्रिंग थोडी मऊ होते. म्हणजे काय तर डबा आतनं आहे त्यापेक्षा मोठा असल्यासारखा वागतो. तात्त्विक मर्यादा १.४ पट, प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी, पण मिळतं ते सगळं एका स्वस्त भरावातनं.

## एवढं चांगलं होतं तर तोटा काय?

तोटा आहे, आणि तो मोठा आहे. हे स्पीकर वीज खातात. अ‍ॅम्प्लिफायरने दिलेल्या विजेपैकी आवाज किती झाला याला एफिशियन्सी म्हणतात, आणि एआर-१ सारख्या स्पीकरची ती एक टक्क्यापेक्षाही कमी. त्याच काळातले मोठे भोंगे दहा टक्क्यांच्या पुढे जायचे.

याचा नियम सांगितला अँटन हॉफमनने. जोसेफ हॉफमन या प्रसिद्ध पियानोवादकाचा हा मुलगा, स्वतः भौतिकशास्त्रवाला आणि एआरच्या सुरुवातीच्या भागीदारांपैकी एक. तो म्हणाला, लहान डबा, खोल बास आणि जास्त एफिशियन्सी, या तीनपैकी कुठल्याही दोनच मिळतील. हॉफमनचा लोखंडी नियम म्हणतात त्याला. पुढे थील आणि स्मॉल या दोघांनी ऑस्ट्रेलियात त्याचं पक्कं गणित मांडलं. ते किती कडक आहे बघा: डबा तेवढाच ठेवून बास ८० हर्ट्झवरून ४० वर न्यायचा असेल तर एफिशियन्सी एक-अष्टमांश होते. म्हणजे १० वॉटच्या जागी ८० वॉट. किंवा वॉट तेवढेच ठेवायचे असतील तर डबा आठपट.

आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती एवढ्या अवाढव्य का असतात, यावर दरवर्षी बातम्या होतात, त्याचंही उत्तर याच नियमात आहे. रस्त्यावर हजारो लोकांना ऐकू जायचं म्हणजे एफिशियन्सी सोडता येत नाही, छातीत धडकायचं म्हणजे बासही सोडता येत नाही, मग उरतो डबा, तो वाढतच जातो. एआरने बरोबर उलटा कोपरा निवडला. एका खोलीत दोन-चार माणसं बसून ऐकणार, मग डबा लहान, बास खोल, आणि बिल अ‍ॅम्प्लिफायरच्या नावावर.

ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या जमान्यात हे बिल जड होतं, पाच-दहा वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर एआर-१ दमल्यासारखा वाजतो आणि त्या काळी ज्यांनी तो नाकारला त्यांतल्या काहींचं कारण हेच होतं. नंतर ट्रान्झिस्टर आले, वॉट स्वस्त झाले, आणि काळ या स्पीकरच्या बाजूने झुकला.

## डब्याला भोक पाडून बास वाढवतातच की, मग बंद डबा कशाला?

वाढवतात, आणि आज दुकानात मिळणारे बहुतेक स्पीकर तसेच आहेत. भोकातली हवा योग्य सुरावर डोलायला लावली की मागच्या लाटेचाही उपयोग होतो. पण १९५४ मध्ये त्याचं गणित नीट बसलेलं नव्हतं, भोक किती आणि कुठे हे अंदाजपंचे, त्यामुळे अनेक डबे एकाच सुरावर घुमायचे, कुठलंही गाणं लावा तोच एक ढुम्म. थील आणि स्मॉलच्या कामानंतर भोकवाला डबा शहाणा झाला. तरी बंद डब्यात बास हळूहळू उतरत जातो, भोकवाल्यात एका ठिकाणापासून कडेलोट होतो, हा फरक आजही आहे. मला स्वतःला बंद डब्याचा उतार जास्त खरा वाटतो, विशेषतः तबल्याच्या डग्ग्याला, जिथे मींड ओढताना सूर सरकत जातो आणि डब्याने मध्येच आपला एक सूर घुसडला तर सगळा खेळ जातो.

बास म्हणजे फक्त ढोल असंही समजू नका. पुरुषाने काळी एकच्या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. १०० हर्ट्झला दम तोडणाऱ्या स्पीकरवर खर्ज ऐकू येतो खरा, पण तो वरच्या स्वरांवरून मेंदूने जुळवलेला असतो.

## मोनो म्हणजे मागासलेलंच ना?

नाही. मोनोत दिशा नसते एवढंच, सूर, ताल, आवाजाचा पोत सगळं असतं. आणि त्या काळच्या रेकॉर्ड एका स्पीकरसाठीच मिक्स केलेल्या असायच्या. एआर-१ मध्ये वूफरच्या वर आठ इंची ७५५ए स्पीकर होता, वेस्टर्न इलेक्ट्रिकचं मूळ डिझाइन, नंतर आल्टेकने बनवलेलं. गायकाचा गळा बहुतेक त्याच एका कोनातनं येतो आणि बरेच जुने जाणकार एआर-१ धरून बसतात ते या आवाजासाठी. अगदी वरचे सूर मात्र आठ इंची कोनाला जमत नाहीत, ते तिथे कमीच आहेत. ती उणीव १९५८ च्या एआर-३ ने भरून काढली, तोच डबा, तोच प्रकारचा वूफर, पण वरच्या सुरांना छोटा घुमटासारखा ट्वीटर. आज कुठल्याही स्पीकरमध्ये दिसणारा घुमटी ट्वीटर व्हिल्चरच्याच डोक्यातनं आला.

मग स्टिरिओ आला आणि घरात एकाऐवजी दोन स्पीकर ठेवायची वेळ आली. एक कपाट कोपऱ्यात लोकांनी सहन केलं होतं, दोन कपाटं कोण करणार? लहान डब्याची गरज एका रात्रीत सगळ्यांना पटली. तोवर १९५७ मध्ये क्लॉस, एआरमधलाच माल्कम लो आणि हॉफमन बाहेर पडून त्यांनी केएलएच ही कंपनी काढली होती, तीही हवेच्या टांगणीवरच. पुढे पेटंटवर कोर्टात वाद झाला, आरसीए या कंपनीतल्या हॅरी ओल्सनचं आधीचं काम पुढे आलं आणि पेटंट रद्द ठरलं. व्हिल्चर वरच्या कोर्टात गेला नाही. मग काय, सगळ्यांनीच बनवायला सुरुवात केली.

स्पीकर खरा वाजतो का हे लोकांनी स्वतः ठरवावं यावर एआरचा भर होता. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात त्यांची ऐकायची खोली होती, तिथे काहीच विकायचे नाहीत, या, बसा, ऐका, जा. फाइन आर्ट्स क्वार्टेट या चार वादकांच्या गटाला मंचावर बसवून मध्येच वादक वाजवायचे थांबवत आणि रेकॉर्डिंग सुरू होई, श्रोत्यांनी ओळखायचं. १९६७ मध्ये कंपनी टेलिडाइनला विकून व्हिल्चर श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळला आणि तिथलं कामही त्याने पेटंट न घेता सगळ्यांना खुलं ठेवलं.

## मग हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर बास कसा देतो? नियम मोडला का?

मोडला नाही. तो छोटा स्पीकर तीन गोष्टी करतो. एक, बिल भरतो: आतल्या चिपमुळे खालच्या सुरांना भरपूर जास्त वॉट दिले जातात, बॅटरी त्यातच संपते. दोन, आवाज वाढवला की चिप गुपचूप बास कापते, नाहीतर कोन फाटेल, म्हणून मोठ्या आवाजात तो एकदम पातळ होतो, करून बघा. तीन, काहींमध्ये खालच्या सुराचे वरचे स्वर मुद्दाम घातलेले असतात आणि मूळ सूर आपला मेंदू भरून घेतो. म्हणजे जी खोटी पिलावळ व्हिल्चरला नको होती, ती आता ठरवून वापरली जाते. प्रवासात गाणी ऐकायला चांगलं आहे, त्याला माझी ना नाही, पण खर्ज प्रत्यक्ष हवेत निर्माण होणं ही वेगळी गोष्ट आहे.

## असा जुना डबा हाती लागला तर

सगळ्यात आधी हवा टिकते का ते बघायचं, कारण हवा गळली की सगळं तत्त्वच गेलं. जाळी काढून वूफरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समतोल, अगदी हळू आत दाबा आणि सोडा. सावकाश परत आला तर डबा हवाबंद. पटकन उसळून आला तर कुठेतरी गळती आहे. कड कापडी असते, ती नंतरच्या फोमच्या कडेसारखी भुगा होत नाही, पण तिच्यावरचा लेप वाळून कापडातनंच हवा जाते, आणि तो लेप परत देता येतो, त्यासाठी वूफर बदलायची गरज नसते.

वरचे सूर येतच नसतील तर लगेच स्पीकर मेला म्हणू नका. एआरच्या त्या पिढीत मागचे लेव्हलचे नॉब आतनं गंजतात, नुसता नॉब फिरवला की खरखर करून आवाज परत येतो, तेव्हा दोष कुठे आहे ते कळतंच. कपॅसिटरही एवढ्या वर्षांत तपासून घ्यावेत. मागची बाजू उघडत नाही, आत जायचं ते वूफरच्या भोकातनं, आणि आतला भराव काढताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेत. काढाल तेवढा सगळा परत भरायचा, मोजून, कारण तो स्प्रिंगचा भाग आहे.

एकच डबा असेल आणि अ‍ॅम्प्लिफायर स्टिरिओ असेल तर मोनोचं बटण दाबा आणि फक्त एका चॅनेलच्या दोन वायर जोडा. डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलच्या वायर एकत्र पिळून एका स्पीकरला देऊ नका, अ‍ॅम्प्लिफायर जळतो. बटण नसेल तर जोडणी अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी करायची, म्हणजे टर्नटेबलकडून येणारे दोन सिग्नल तिथेच एक करून आत पाठवायचे. कुठल्याही ऑडिओ दुरुस्तीवाल्याकडे ही वायर करून मिळते.